हाताची दबलेली नस : शस्त्रक्रिया केव्हा करावी?

कामगार-संघटनेच्या कचेरीत पगार, रजा आणि बडतर्फी यांच्याच तक्रारी येतात, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात माणूस तेथे आपले शरीरही घेऊन येतो. यंत्रमागावरचा कामगार, शिवणयंत्रावर बसणारी बाई, गवंडी, संगणकावर दिवसभर नोंदी करणारा कारकून, यांच्या तोंडून एकच प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो : “भाऊ, हाताची नस दबलीय. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. करू का नको?”

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात आणि दवाखान्याच्या बाकावर अधिक झाले. निर्णय ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावयाचा, हे उघड आहे. परंतु तो निर्णय कोणत्या मापाने तोलावा, हे सामान्य माणसाला समजू शकते आणि समजलेच पाहिजे. हात त्याचा आहे, आणि त्या हातावर त्याचे घर चालते.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. रक्त वाहणारी नळी, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि मेंदूचे निरोप नेणारा-आणणारा मज्जातंतू, या तिन्हींना आपण बोलताना ‘नस’च म्हणतो. येथे प्रश्न तिसऱ्याचा आहे. मानेतून निघालेले मज्जातंतू दंडातून, कोपरावरून बोटांपर्यंत जातात. कातडीला लागलेला स्पर्श ते वर कळवितात आणि स्नायूंना हुकूम खाली पोहोचवितात. या वाटेवर त्यांना काही अरुंद खिंडी ओलांडाव्या लागतात. त्यांपैकी दोन आपल्या कामाच्या आहेत.

पहिली खिंड मनगटात. तळहाताच्या बुडाशी हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा झाकणासारखा बसलेला असतो. या बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्याच गर्दीतून एक मज्जातंतू जातो. दोऱ्यांवरचे आवरण सुजले तरी बोगदा रुंद होत नाही. मग दाब वाढतो, आणि तो सोसावा लागतो त्या गर्दीतल्या सर्वांत नाजूक घटकाला. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू येथे मुंग्या येतात. रात्री झोप मोडते आणि माणूस उठून हात झटकतो. दुसरी खिंड कोपराच्या आतल्या बाजूस. कोपर आपटले की जेथून झिणझिणी निघते, तीच ही जागा. तेथे दाब आला तर करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर होते. कोणती बोटे, केव्हा आणि किती वेळ, हे नीट सांगणारा रोगी डॉक्टरचे बरेच काम हलके करतो.

हा रोग नवा नाही. मनगट मोडल्यानंतर हा तंतू दबल्याचे वर्णन इंग्लंडमधील जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली केले. १९१३ मध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या फ्रेंच वैद्यांनी, अंगठ्याखालचे मांस झडलेल्या एका रुग्णाचे मनगट त्याच्या मृत्यूनंतर तपासले. तंतू पट्ट्याखाली चेपलेला होता. तो पट्टा वेळीच कापला असता तर हात वाचता, असे त्यांनी सुचविले. पुढे १९५० नंतर अमेरिकेतील जॉर्ज फॅलन यांच्या लेखांनी ही शस्त्रक्रिया सर्वत्र परिचित झाली. सारा प्रश्न त्या ‘वेळीच’ या शब्दात आहे.

लोक वेळ मोजतात ती दुखण्याने. फार दुखले की कापून घ्यावे, कमी झाले की सोडून द्यावे, असा सर्वसाधारण हिशेब असतो. आमच्या मते येथेच फसगत होते. दाबाखाली असलेला पण जिवंत तंतू ओरडतो. मरू लागलेला तंतू गप्प होतो. मुंग्या थांबल्या, झोप लागू लागली, पण शर्टाचे बटण लागत नाही, चहाचा कप हातातून निसटतो, खिशात बोटे घालून नाणे ओळखता येत नाही, अंगठ्याखालची गादी सपाट झाली आहे, असे असेल तर तो हात बरा झालेला नाही. तो हरत चाललेला आहे. म्हणून माप दुखण्याचे घेऊ नये. हाताने काय गमावले, याचे घ्यावे.

या मापाने तीन पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर मुंग्या येतात आणि जातात. स्पर्श आणि जोर शाबूत असतो. येथे शस्त्रक्रियेची घाई मुळीच नको. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री सहा आठवडे बांधावी, कामाची पद्धत बदलून पाहावी. कोपराचा त्रास असेल तर कोपर टेकून बसू नये, रात्री हात फार दुमडून झोपू नये. मधुमेह, थायरॉइडचा विकार, संधिवात यांची तपासणी करून घ्यावी; या रोगांत मज्जातंतू सहज दबतात. गरोदरपणात मनगटाचा हा त्रास झाला तर तो बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. मनगटात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो, मात्र त्रास पुष्कळदा परत येतो.

दुसऱ्या पायरीवर हे सर्व करूनही मुंग्या हटत नाहीत, बधिरपणा दिवसाही राहू लागतो. येथे शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणे करावा. नेदरलँड्समध्ये मनगटाच्या १७६ रुग्णांचे दोन गट करून एकाला पट्टी व दुसऱ्याला शस्त्रक्रिया देऊन पाहिली. तिचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ८० आणि पट्टीच्या गटात शेकडा ५४ लोकांना चांगला गुण आला होता. दीड वर्षाने हे आकडे ९० आणि ७५ झाले. पण तोवर पट्टीच्या गटातील शेकडा ४१ लोकांनीही शस्त्रक्रिया करून घेतली होती. या आकड्यांतून दोन्ही बाजू दिसतात. पट्टीने पुष्कळांचे भागते, आणि पुष्कळांचे भागत नाही.

तिसऱ्या पायरीवर बधिरपणा कायमचा झालेला असतो किंवा स्नायू झडू लागलेला असतो. येथे थांबणे महाग पडते. त्याचा हिशेब साधा आहे. तुटलेला धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कोपरापासून हाताच्या पंजापर्यंत सुमारे तीनशे मिलिमीटर अंतर धरले, तर वाढीला दहा महिने लागतात. इकडे हुकूम न मिळालेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच तग धरतो. म्हणजे कोपराच्या रोग्याला वाट पाहण्यास फार थोडे महिने उरतात. आणि हाड मोडल्यावर किंवा जबर मार लागल्यावर बोटे एकाएकी बधिर होऊन दुखू लागली, तर महिन्यांचा विचार न करता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

संपाविषयी आम्ही कामगारांना नेहमी सांगतो की ते शेवटचे हत्यार आहे. आधी अर्ज, मग वाटाघाटी. पण गिरणीला कुलूप लागल्यावर संप पुकारून काय उपयोग? शस्त्रक्रियेचेही तसेच आहे.

आता शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहू. मनगटाची शस्त्रक्रिया बहुधा जागेपुरती भूल देऊन होते, अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि रोगी त्याच दिवशी घरी जातो. तीत तंतूला कापत नाहीत. त्याच्यावरचा पट्टा कापून वाट मोकळी करतात. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा लवकर थांबतात, जुना बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि पार झडलेले मांस परत येईलच असे नाही. तळहाताच्या बुडाशी दुखणे आणि पकडीतला अशक्तपणा काही महिने राहू शकतो. जखम पिकणे, वण दुखणे, क्वचित तंतूला इजा होणे हे धोकेही आहेत. कोपराशी तंतू नुसता मोकळा करतात किंवा पुढच्या बाजूला सरकवितात. साध्या दुखण्यात दोहोंचा गुण सारखाच आढळला आहे. सरकविण्यात जखमेचा त्रास मात्र अधिक. म्हणून मोठी शस्त्रक्रिया ती चांगली, असे समजू नये.

डॉक्टरपुढे बसल्यावर चार प्रश्न विचारावेत. दाब नेमका कोठे आहे, आणि मानेतला दोष नाही हे पाहिले काय? स्नायू झडला आहे काय, आणि विजेच्या तपासणीत काय दिसले? थांबलो तर किती आठवडे, आणि पुन्हा तपासणी कधी? काम किती दिवस बंद राहील? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही.

शेवटच्या प्रश्नापाशी गरिबाचा निर्णय अडतो. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर टेबलावरचे काम एकदोन आठवड्यांत जमते. जड हातकामाला सहा आठवडे किंवा अधिक लागतात. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला, वर्गणीची अट पुरी असल्यास, आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. हे ठाऊक नसल्यामुळे हात गमावीत बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. घरी बसून नगावर शिवणाऱ्या बाईला बहुधा हेही संरक्षण नसते. ती वाट पाहते ती भित्री म्हणून नव्हे. सहा आठवडे चूल कशी पेटवावी हे तिला कळत नाही म्हणून. तिला धीराचे शब्द देऊन भागणार नाही, त्या सहा आठवड्यांची सोय शेजाराने आणि संघटनेने केली पाहिजे.

बरा झालेला हात पुन्हा त्याच कामावर, त्याच पद्धतीने गेला तर दुखणे परतण्याची भीती असते. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि वैद्याने रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असा आग्रह धरला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मनगटाचा हा विकार घातला आहे : जोर लावून तेच ते काम दीर्घकाळ करणे, हादरणारी हत्यारे, वाकड्या अवस्थेतले मनगट, ही तिची कारणे. तेव्हा हत्याराची मूठ, बाकाची उंची आणि मधली विश्रांती या मागण्या पगाराच्या मागणीइतक्याच रास्त आहेत.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी आज घरी गेल्यावर दोन्ही तळहात शेजारी ठेवून पाहावेत. अंगठ्याखालची आणि करंगळीखालची गादी दोन्हीकडे सारखी आहे काय? अंगठा आणि तर्जनी यांमधली जागा एका हातावर खोल गेली आहे काय? डोळे मिटून नाणे ओळखता येते काय? फरक दिसला नाही तर धीराने उपचार करावेत आणि महिन्याने पुन्हा पाहावे. फरक दिसला तर, दुखत असो वा नसो, याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे.