डोव्हरचा खटला

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या लहानशा गावाच्या शाळामंडळाने 2004 सालच्या ऑक्टोबरात सहाविरुद्ध तीन मतांनी एक ठराव मंजूर केला आणि त्यानुसार नववीच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवावे असे फर्मावले. डार्विनच्या सिद्धान्तात पुराव्यावाचून राहिलेल्या जागा आहेत, जीवसृष्टीच्या उगमाचे ‘इंटेलिजेंट डिझाइन’ म्हणजे बुद्धिपुरस्सर रचना हे निराळे स्पष्टीकरणही आहे, आणि ज्यांना ते जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत ठेवले आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. मुलांना दोन्ही बाजू कळाव्यात यात गैर ते काय, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु ज्या दुसऱ्या बाजूला विज्ञान म्हणून वर्गात आणावयाचे, ती विज्ञानाच्या कसोटीस उतरली आहे की नाही, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

या वादाला तेथे जुना इतिहास आहे. 1925 साली टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांती शिकवल्याच्या आरोपावरून जॉन स्कोप्स या शिक्षकावर फौजदारी खटला चालला व त्याला शंभर डॉलर दंड झाला. पुढे 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यास बंदी करणारा आर्कान्सॉचा कायदा रद्द ठरवला, आणि 1987 साली, उत्क्रांती शिकवावयाची तर तिच्या जोडीने ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवलेच पाहिजे असे सांगणारा लुइझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण सरकारने कोणत्याही धर्माची प्रतिष्ठापना करू नये, असे अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती सांगते.

डोव्हरच्या अकरा पालकांनी डिसेंबर 2004 मध्ये दावा दाखल केला आणि पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात न्यायाधीश जॉन जोन्स यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. मंडळाच्या बाजूचे प्रमुख साक्षीदार होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. काही जीवाणू ज्या चाबकासारख्या अवयवाच्या साहाय्याने पोहतात त्याचे भाग एकमेकांशी असे गुंतलेले असतात की एक काढला तरी सारे यंत्र निकामी होते, सबब ते पायरीपायरीने घडलेले असणे शक्य नाही, त्यामागे कोणी योजक असलाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर पालकांच्या बाजूने साक्ष देणारे केनेथ मिलर यांनी दाखवून दिले, की याच अवयवातील काही प्रथिनांशी साम्य असलेल्या प्रथिनांचा एक लहान संच काही जीवाणूंमध्ये दुसऱ्या पेशीत विष टोचण्याचे काम उत्तम रीतीने करतो. अपुरी रचना निरुपयोगीच असते हे मूळ गृहीतच तेथे ढासळले. मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत, ही गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे; कारण हा आस्तिक-नास्तिकांचा सामना आहे असे भासवण्यात आपमतलबी लोकांची सोय होती. आपण केलेली विज्ञानाची व्याख्या मान्य केल्यास फलज्योतिषही तिच्यात बसेल, हे बीही यांना उलटतपासणीत कबूल करावे लागले. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उत्क्रांतीविषयीचे 58 शोधनिबंध आणि कित्येक ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवण्यात आले, तरी तो पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही.

मला सर्वांत निर्णायक वाटते ती पालकांच्याच बाजूच्या साक्षीदार बार्बरा फॉरेस्ट यांची साक्ष. ‘पांडाज’ या पुस्तकाचे निरनिराळे मसुदे त्यांनी तपासले, तेव्हा असे आढळले, की 1987 च्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत ‘सृष्टिनिर्मिती’ म्हणून जी व्याख्या दिली होती, तीच पुढच्या मसुद्यांत ‘इंटेलिजेंट डिझाइन’च्या नावाने छापली होती, बाकी मजकूर जवळजवळ जसाच्या तसा. एके ठिकाणी तर जुना शब्द पुरता न खोडता नवा त्यात घुसवल्यामुळे दोहोंची मिसळ झालेली अर्थहीन अक्षरे तशीच राहून गेली होती. न्यायालयाने नाकारलेला माल नव्या नावाने पुन्हा शाळेच्या दारात आणला जात होता, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही पुराव्याने दिसले नसते. त्या पुस्तकाच्या साठ प्रती शाळेला भेट मिळाल्या होत्या. त्यांच्यासाठी चर्चमध्ये वर्गणी गोळा झाली होती, हेही सुनावणीत बाहेर आले.

रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीच नेमलेल्या जोन्स यांनी 20 डिसेंबर 2005 रोजी 139 पानांचा निकाल दिला. बुद्धिपुरस्सर रचनेची कल्पना खरी की खोटी यावर न्यायालय मत देत नाही, परंतु ती विज्ञान नव्हे आणि तिची मुळे धार्मिक कल्पनांत आहेत, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. त्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, गावकऱ्यांनी पुन्हा उभे राहिलेल्या आठही जुन्या सभासदांना घरी बसवले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही आणि वादींच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर भरले.

न्यायाधीश, वकील आणि प्राध्यापक यांचे नाव या प्रकरणात पुष्कळ झाले. पण ज्या विज्ञानशिक्षकांनी 2005 च्या जानेवारीत, नोकरी ज्यांच्या हाती होती त्यांचाच हुकूम असताना, ते निवेदन वाचण्यास लेखी नकार दिला, त्यांचे ऋण मला अधिक मोठे वाटते. जे आपण विज्ञान मानत नाही ते विज्ञान म्हणून विद्यार्थ्यांपुढे मांडणे ही आपल्या कर्तव्याशी प्रतारणा होईल, अशी त्यांची भूमिका होती, आणि शेवटी प्रशासकीय अधिकाऱ्यांना स्वतः वर्गात जाऊन ते वाचावे लागले. न्यायालयाने वर्षअखेरीस जे ठरवले, ते या शिक्षकांनी वर्षारंभीच ठरवले होते.