मेंढरांमागे डोंगर बघणारे जॉन म्यूर

डोंगर आपण रोज पाहतो. पण नुसते पाहणे वेगळे आणि नीट बघणे वेगळे. नीट कसे बघावे, हे जॉन म्यूर नावाच्या लेखकाने दाखवले आहे. त्यांचे इंग्रजी पुस्तक गुरुजींनी आम्हाला मराठीतून सांगितले. त्यातले मला समजले ते लिहितो.

जॉन म्यूर यांचा जन्म १८३८ साली स्कॉटलंड देशात झाला. ते माझ्याएवढे, म्हणजे दहा वर्षांचे असताना अमेरिकेस गेले. १८६९ च्या उन्हाळ्यात ते सिएरा नेवाडा या पर्वतात गेले. कशासाठी? मेंढरांमागे! खाली सपाटीवर गवत वाळले होते, म्हणून मालकाची दोन हजारांवर मेंढरे वर न्यायची होती. म्यूर यांनी वही कमरपट्ट्याला बांधली आणि दिसेल ते लिहिले. त्याचे पुस्तक १९११ साली निघाले.

त्यांची बघण्याची रीत अशी. घाई करायची नाही. मुंगी, फूल, ढग, काहीही असो, त्याच्यापाशी थांबायचे. मग विचारायचे, हे असे का?

तिथे योसेमिटी नावाची मोठी दरी आहे. तिथले ग्रॅनाईटचे खडक काही जागी आरशासारखे गुळगुळीत आहेत. त्यांवर ओरखडे आहेत. मोठे धोंडे एकटेच पडलेले आहेत. म्यूर म्हणाले, हे काम बर्फाचे. फार पूर्वी तिथे बर्फाच्या नद्या होत्या. अशी नदी अगदी हळू सरकते. तिच्या तळाला दगड अडकतात आणि कानशीने लोखंड घासावे तसे खडक घासतात. बर्फ वितळला की वाहून आणलेले धोंडे तिथेच राहतात.

आपल्या सह्याद्रीची गोष्ट निराळी. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेल्या लाव्हाचा झाला. एका थरावर दुसरा थर बसला. मग पावसाने तो कापला. समोरच्या कड्यावर आडवे पट्टे दिसतात ना? तेच हे थर. उद्या मोजून बघा.

पुस्तकातली एक गोष्ट मला फार लागली. मेंढरे जातात तिथले गवत आणि फुले नाहीशी होतात, असे म्यूर लिहितात. मेंढरांवर त्यांचा रागच होता. पुढे १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यात म्यूर यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता.

आमच्या घरी मेंढरे आहेत. दिवाळी झाली की आईबाबा वाड्याबरोबर घाट उतरून कोकणात जातात. मी आजीपाशी राहून शाळा शिकतो. मी बाबांना विचारले, "आपली मेंढरं डोंगर खातात का?" बाबा म्हणाले, "एकाच जागी राह्यली तर खातील. म्हणून तर आपण चालतो." कोकणातले शेतकरी रात्री शेतात मेंढरे बसवून घेतात. लेंड्यांचे खत होते. त्याबद्दल धान्य मिळते. म्हणून मला वाटते, म्यूर यांचे त्या डोंगरापुरते खरे आहे आणि बाबांचेही खरे आहे. किती मेंढरे आणि किती दिवस, हे बघितले पाहिजे.

म्यूर यांनी तिथल्या मेंढक्याला दरी बघायला चल म्हणून पुष्कळ सांगितले. तो गेला नाही. नुसते दगड काय बघायचे, असे त्याचे म्हणणे. हे ऐकून बाबा हसले. म्हणाले, "त्याला मेंढरं मोजायची व्हती. अस्वल आलं तर?" आणि अस्वले खरोखर येत होती!

पण बाबांना घाटातला प्रत्येक झरा ठाऊक आहे. कोणते गवत कधी वाळते, तेही ठाऊक आहे. त्यांना लिहिता येत नाही. मला येते. म्हणून मी वही केली आहे. ते परत आले की सांगतील आणि मी लिहीन. पालकांनो, तुम्हीही आपल्या मुलांना डोंगराची माहिती सांगा. मुलांनो, तुम्ही ती लिहून ठेवा.