मोबाइलच्या खोक्यातील चार्जर : सोय, सक्ती आणि कचरा

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक आणि किरकोळ व्यापारासाठी छत्तीसगडभर परिचित आहे. २०२१ मध्ये भाठागाव येथे नवे बसस्थानक सुरू होईपर्यंत शहराचे मुख्य बसस्थानकही पंडरीतच होते. त्यामुळे लग्नसराईचा बस्ता बांधण्यासाठी दूरच्या जिल्ह्यांतून येणारी कुटुंबे आपली इतर खरेदीही याच परिसरात उरकत असत. या कापडबाजारात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. साडीला जोडून आलेल्या ब्लाऊजपीसचे पैसे किमतीत धरलेले असतात की तो खरोखरच वर मिळतो? ज्या गिऱ्हाइकाला तो शिवायचाच नसतो, तिला त्याच्याविना साडी थोडी स्वस्त का मिळू नये? अर्थशास्त्राच्या भाषेत हा वस्तूंच्या ‘एकत्र विक्रीचा’ प्रश्न आहे. २०२० नंतर हाच प्रश्न स्मार्टफोनच्या खोक्याबाबत जगभर उभा राहिला आणि त्याला ग्राहकहक्क, पर्यावरण, करआकारणी व औद्योगिक धोरण असे अनेक पदर आहेत.

ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयफोन १२ सादर करताना खोक्यातून चार्जर आणि इयरफोन वगळले. लहान खोक्यांमुळे मालवाहतुकीच्या एका फळीवर ७० टक्के अधिक खोकी बसतील आणि या व अन्य उपायांनी वर्षाला २० लाख टनांहून अधिक कार्बन उत्सर्जन टळेल, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस२१ या मालिकेपुरता हाच मार्ग धरला. कंपन्यांनी दिलेले कारण पर्यावरणाचे होते. ते खोटे होते असे म्हणता येणार नाही. पण तेवढेच होते असेही नाही.

अर्थशास्त्राची बाजू

एकत्र विक्रीने विक्रेत्याला लाभ का होतो, याचे विवेचन जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये चित्रपटांच्या गठ्ठाविक्रीच्या संदर्भात केले. पुढे १९७६ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स आणि जॅनेट येलेन यांनी ते अधिक व्यापक केले. या येलेन म्हणजेच पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री झालेल्या येलेन होत. त्यांचा युक्तिवाद एका कल्पित उदाहरणाने समजून घेता येईल.

‘अ’ या ग्राहकाकडे जुना चार्जर आहे. तो नव्या फोनसाठी १२,००० रुपये मोजण्यास तयार आहे, चार्जरसाठी मात्र केवळ १०० रुपये. ‘ब’ पहिल्यांदाच स्मार्टफोन घेत आहे. त्याच्या लेखी फोनचे मोल ११,६०० रुपये आणि चार्जरचे ५०० रुपये. दोघांनाही दोन्ही वस्तू मिळून १२,१०० रुपयांच्या वाटतात. विक्रेत्याने एकच खोके १२,१०० रुपयांना विकले, तर त्याच्याकडे २४,२०० रुपये जमा होतात. वस्तू वेगवेगळ्या विकल्या, तर दोघांनाही परवडावा म्हणून फोन ११,६०० रुपयांना द्यावा लागतो. चार्जर एकट्या ‘ब’ला ५०० रुपयांना जातो आणि एकूण जमा २३,७०० रुपये होते. चार्जर तयार करण्याचा खर्च ३०० रुपये धरला, तर एकत्र विक्रीत दोन चार्जरचा खर्च वजा जाता २३,६०० रुपये उरतात, स्वतंत्र विक्रीत एका चार्जरचा खर्च वजा जाता २३,४००. म्हणजे विक्रेत्याला एकत्र विक्रीच किफायतशीर ठरते. परंतु ‘अ’च्या हाती पडलेला चार्जर ३०० रुपये खर्चून तयार झाला आणि त्याला त्याचे मोल १०० रुपयेच होते. समाजाच्या दृष्टीने ते २०० रुपये वाया गेले. तो चार्जर पुढे कचऱ्यात जाईल, तेव्हा होणारा खर्च तर या हिशेबात धरलेलाच नाही. त्यालाच अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात.

मग कंपन्यांनी चार्जर काढून का टाकला? याचे उत्तर किमतीत आहे. चार्जर वगळल्यावर फोनची किंमत त्या प्रमाणात उतरली असती, तर वरील उदाहरणातील ‘अ’चा फायदा झाला असता आणि ‘ब’चे फारसे नुकसान झाले नसते. प्रत्यक्षात वगळलेल्या वस्तूची किंमत ग्राहकाला स्वतंत्रपणे दाखवलीच गेली नाही. नव्या मॉडेलमध्ये इतके बदल एकाच वेळी होतात, की चार्जरपोटी किती रुपये कमी झाले हे शोधणे ग्राहकाला अशक्य असते. भारतात अ‍ॅपलचा २० वॉटचा चार्जर वेगळा घेतल्यास १,९०० रुपये पडत. शिवाय आयफोन १२ च्या खोक्यातील तारेचे एक टोक टाइप-सी प्रकारचे होते, तर आयफोन ११ बरोबर मिळालेला चार्जर जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेचा होता. जुनी तार सांभाळून ठेवली असेल तरच तो जुना चार्जर चालणार होता! किंमत न उतरवता वस्तू वगळणे ही छुपी दरवाढच होय, या ग्राहकांच्या तक्रारीत बरेच तथ्य आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय कायद्याने आजवर मुख्यतः उलट बाजूच्या प्रश्नाची, म्हणजे नको असलेली वस्तू माथी मारण्याची, दखल घेतली आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रकार ‘लिंकिंग’ या नावाने ठाऊक आहे. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले दुसरे खत घ्यावे लागते, ते हेच. नव्या गॅसजोडणीबरोबर शेगडी घेण्याची सक्ती हेही त्याचेच रूप. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील ‘निर्बंधक व्यापारी प्रथा’ या व्याख्येत एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे समाविष्ट आहे. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(४) मध्ये जोडविक्रीच्या करारांचा उल्लेख आहे. तथापि तेथे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो हे दाखवावे लागते. याच ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. चार्जर वगळण्याच्या प्रश्नाला तोच अधिक लागू पडतो.

चार्जर हा फोनचा भाग आहे की पूरक वस्तू, या प्रश्नाचा निवाडा मात्र सर्वोच्च न्यायालयापुढे झालेला आहे, आणि तोही करआकारणीच्या निमित्ताने. पंजाबमध्ये नोकिया कंपनी फोन व चार्जर एकाच खोक्यात विकून संपूर्ण किमतीवर मोबाइलला लागू असलेला ४ टक्के मूल्यवर्धित कर भरत होती. चार्जर ही स्वतंत्र वस्तू असून तिच्यावर १२.५ टक्के कर लागतो, असे राज्याच्या कर विभागाचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१४ रोजी तो फिरवला. चार्जर हा मोबाइल फोनचा घटक नसून पूरक वस्तू आहे आणि केवळ एका खोक्यात घातल्याने त्याला फोनचा करदर लागू होत नाही, असा या निकालाचा आशय होता. वस्तू व सेवा कर आल्यावर ‘संयुक्त पुरवठा’ आणि ‘मिश्र पुरवठा’ असा भेद कायद्यातच करण्यात आला. संयुक्त पुरवठ्यात मुख्य वस्तूचा दर लागू होतो, मिश्र पुरवठ्यात सर्वांत चढा दर. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील करही १२ वरून १८ टक्के झाला. चार्जरवरही तोच दर असल्याने या वादाला आता व्यवहारात धार उरलेली नाही. परीक्षार्थींनी निकालातील तत्त्व मात्र ध्यानात ठेवावे.

ब्राझीलने नेमका विरुद्ध दृष्टिकोन स्वीकारला. चार्जरविना फोन ही अपूर्ण वस्तू आहे असे मानून तेथील न्याय मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे १.२३ कोटी रियालचा दंड केला आणि चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई केली. फ्रान्समध्ये किरणोत्सारापासून मुलांचे रक्षण व्हावे म्हणून फोनबरोबर इयरफोन देणे कायद्याने बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने ते बंधन उठवले आणि त्यामागचे कारण पर्यावरणाचे होते.

सामायिक प्रमाणक : आधी ते, मग हे

चार्जर खोक्यात असावा की नसावा, हा प्रश्न घरातला जुना चार्जर नव्या फोनला चालतो की नाही यावर अवलंबून आहे. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर आणि इतर कंपन्यांच्या निरनिराळ्या पिना एकाच घरात लटकत असत, तो काळ फार जुना नाही. चीनने डिसेंबर २००६ मध्ये यूएसबीवर आधारित प्रमाणक जाहीर केले. २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने प्रमुख उत्पादकांनी स्वेच्छेने समान चार्जरचा करार केला. तेव्हा असलेले सुमारे ३० प्रकार कालांतराने तीनवर आले. शेवटचा टप्पा स्वेच्छेने पार पडला नाही, म्हणून २०२२ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला. त्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसह बहुतेक छोट्या उपकरणांना टाइप-सी खाच बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. चार्जर न घेता उपकरण विकत घेण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे, आणि खोक्यात चार्जर आहे की नाही हे चित्रचिन्हाने दाखवले पाहिजे, असेही त्यात आहे. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरचा कचरा युरोपात वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा आयोगाचा अंदाज आहे. ब्राझीलने सक्ती केली, उत्पादकांनी वगळले. युरोपने निवड ग्राहकाच्या हाती ठेवली. हीच व्यवस्था अधिक न्याय्य वाटते.

मात्र खाच एक झाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. चार्जरचे काम घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करण्याचे असते. साधा चार्जर ५ व्होल्ट देतो. ‘पॉवर डिलिव्हरी’ या पद्धतीत फोन आणि चार्जर यांच्यात तारेतून संकेतांची देवाणघेवाण होते आणि दोघांना झेपेल तो दाब ठरतो. २०२१ च्या सुधारणेनंतर ही क्षमता २४० वॉटपर्यंत गेली. पण अनेक कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालते. त्यांचा चार्जर आणि कधी कधी त्यांचीच तार नसेल, तर फोन संथ गतीने भरतो. अशा फोनबरोबर चार्जर देणे समर्थनीय आहे. पण हे समर्थन मुळात वेगळी पद्धत निवडण्यातूनच उद्भवलेले आहे.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. खोक्यात चार्जर नसला की ‘ब’सारखा ग्राहक दुकानाबाहेरच्या हातगाडीकडे वळतो. निकृष्ट चार्जरमध्ये उच्च दाबाचा आणि कमी दाबाचा भाग यांमधील विलगीकरण कमकुवत असते. ते निकामी झाले, तर घरातील वीज थेट फोनच्या धातूच्या कडेपर्यंत पोहोचू शकते. अनिवार्य नोंदणी आदेशानुसार अशा पॉवर अ‍ॅडॉप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आवश्यक आहे. वस्तूवर मानकचिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळून पाहता येतो. मुंबईच्या मनीष मार्केटपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत चार्जर विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण हा क्रमांक पाहतात, हा प्रश्न वेगळा.

छत्तीसगडचा संदर्भ

‘अ’ आणि ‘ब’ यांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते, आणि धोरण आखताना हाच मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. २०११ च्या जनगणनेत दूरध्वनी अथवा मोबाइल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशात सुमारे ६३ टक्के होते, तर छत्तीसगडमध्ये केवळ ३१ टक्क्यांच्या आसपास. ही दरी भरून काढण्यासाठी राज्य शासनाने ३० जुलै २०१८ रोजी ‘संचार क्रांती योजना’ सुरू केली. ग्रामीण महिला, शहरी गरीब कुटुंबे आणि महाविद्यालयीन विद्यार्थी मिळून सुमारे ५० लाख स्मार्टफोन वाटण्याचे लक्ष्य होते. फोन मायक्रोमॅक्सचे आणि त्यासोबत जिओचे सिमकार्ड, अशी तीही एक प्रकारची एकत्र विक्रीच होती. डिसेंबर २०१८ मधील सत्तांतरानंतर वाटप थांबले. अशा योजनेतील लाभार्थी महिला उदाहरणातील ‘ब’च असते. तिच्या घरी योग्य जुना चार्जर असण्याचा संभव कमी, आणि तिच्या दृष्टीने ‘चार्जर सर्वांकडे असतोच’ हे गृहीतक शहरी आहे. याउलट रायपूर किंवा नागपूरमधील मध्यमवर्गीय घरात न वापरलेल्या चार्जरने भरलेला एखादा खण सहज सापडतो.

उद्योगाची बाजूही आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या टप्प्याटप्प्याच्या उत्पादन कार्यक्रमात देशांतर्गत निर्मितीसाठी प्रथम चार्जर, बॅटरी आणि तारेचे इयरफोन यांचीच निवड झाली होती, कारण ती बनवणे तुलनेने सोपे होते. २०२० च्या अर्थसंकल्पात चार्जरवरील आयातशुल्क २० टक्के करण्यात आले, ते जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आले. खोक्यातून चार्जर गेल्यास या कारखान्यांची मागणी काही अंशी घटेल. परंतु केवळ रोजगारासाठी नको असलेली वस्तू ग्राहकाच्या माथी मारावी, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

कचऱ्याच्या बाबतीत २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत समाविष्ट वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर गेली आणि उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची चौकट अधिक कडक झाली. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. चार्जरचा त्यातील वाटा अल्प आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. फोन दोन वर्षे अधिक वापरला गेला, तर होणारी बचत त्याहून कितीतरी मोठी असेल. २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलचे महत्त्व त्या दृष्टीने अधिक आहे.

याच विभागाच्या पुढाकाराने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या आंतरमंत्रालयीन कृती दलाच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅबलेट व लॅपटॉपसाठी टाइप-सी खाच स्वीकारण्यावर सर्वसाधारण एकमत झाले. त्यानंतर भारतीय मानक ब्युरोने आयएस/आयईसी ६२६८०-१-३ हे टाइप-सी खाच व तारांविषयीचे मानक प्रसिद्ध केले. त्यात खाच आणि तार यांची वैशिष्ट्ये निश्चित केली आहेत. चार्जरसह आणि चार्जरविना अशा दोन किमती खोक्यावर छापण्याची अट हा मानकाचा विषय नाही. ती घालायची झाल्यास ग्राहक व्यवहार विभागाला वैधमापनशास्त्र कायद्याखालील वेष्टित वस्तूंच्या नियमांतून ती आणावी लागेल.