उजळ कांतीची किंमत

पुण्याच्या मंडईंत आवळे, पेरू, मेथी, गाजरें यांचे ढीग लागलेले असतात. पण उजळ कांतीची हौस असलेले लोक बहुधा मलमाच्या डबीकडेच वळतात. ती डबी किती घातक ठरूं शकते, हें २०२३ च्या आरंभीं उजेडांत आलेल्या अकोल्याच्या प्रकरणानें दाखवून दिलें. एकाच घरांतील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरीत असलेल्या मलमांत पारा असल्याचें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील तपासणींत आढळलें.

त्वचेचा वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. पारा त्याची निर्मिति रोखतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. परंतु तोच पारा त्वचेंतून रक्तांत शिरून मूत्रपिंडांत सांचतो. यास्तव घटक व उत्पादकाचें नांव न छापलेली डबी घरांत आणूं नये.

आहारानें वर्ण पालटत नाहीं. त्वचेचें आरोग्य मात्र राखलें जातें. आवळा-पेरूंतील क जीवनसत्त्वावांचून त्वचेला बळकटी देणारें कोलॅजन नीट बनत नाहीं. मेथी-गाजरांपासून शरीरांत अ जीवनसत्त्व तयार होतें, आणि तें अंगीं लागण्यास फोडणीचें थोडें तेल पुरतें. सांवळा वर्ण हा मुळीं विकारच नव्हे. मग त्यावर औषध कशाला?