घंटागाडीचा जॅक आणि फिरता मिस्त्री

कचऱ्यातलं प्लास्टिक चिरणारा श्रेडर बंद पडला की जाणता मिस्त्री आधी मोटरला हात लावत नाही. मेन स्विच पाडतो, झाकण उघडतो आणि पात्यांच्या शाफ्टकडे बघतो. साडीची पट्टी, ठिबकची नळी, नायलॉनची दोरी, खताच्या गोणीचे धागे असं सगळं एकमेकांत पिळून शाफ्टभोवती घट्ट बसलेलं असतं. जो माल यंत्राने चिरायचा, त्यानेच यंत्राला आवळलेलं असतं. मोटर जोर लावते, जास्त वीज ओढते, तापते. वेळेवर ओव्हरलोड रिले पडला तर ठीक, नाहीतर वाइंडिंग जळतं. मग आरीच्या पात्याने ते वेटोळं कापत बसावं लागतं आणि त्यातच सकाळ संपते.

असं काम आता घनसावंगीसारख्या लहान गावातही निघतं. घनसावंगी हा जालना जिल्ह्याच्या दक्षिणेचा, गोदाकाठचा तालुका. समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यात आहे. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो, त्यामुळे ऊस आहे, मोसंबी आहे, विहिरीवर मोटरा आहेत आणि रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत. घनसावंगीत आता नगरपंचायत आहे. 2 ऑक्टोबर 2014 रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, 2016 मध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले आणि ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा करणं बंधनकारक झालं. त्यानंतर मोठ्या शहरांपुरती वाटणारी यंत्रं लहान गावांच्याही वाट्याला येऊ लागली. मागचा हौदा उचलणारी घंटागाडी, सुक्या कचऱ्याचे गठ्ठे बांधणारं बेलिंग मशीन, श्रेडर, खत चाळणारी फिरती चाळणी, सरकता पट्टा.

यंत्रं नवी असली तरी ती दुरुस्त करणारे हात इथे जुनेच आहेत. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी करणारा जॅक आणि घंटागाडीचा हौदा उचलणारा जॅक एकाच जातीचे. पंपाची मोटर भरून देणारा कारागीर श्रेडरचीही मोटर भरतो. साखर कारखान्यात गाळप थांबल्यावर रोलर, बेअरिंग, गिअरबॉक्स उघडून ओव्हरहॉलिंग करणाऱ्या फिटरला कचऱ्याची चाळणी अवघड वाटत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स, त्यावर एखाद्या गॅरेजात किंवा कारखान्यात काढलेले दिवस, अशी या फिरत्या मिस्त्रीची तयारी असते. मोटरसायकलला पान्यांची पेटी, मल्टिमीटर, ग्रीस गन आणि निरनिराळ्या मापांची ऑइल सीलं बांधली की दुकान चालू.

सर्वांत जास्त बोलावणी येतात हायड्रॉलिकची. रचना तशी सोपी असते. टाकीतलं तेल पंप ओढतो, व्हॉल्व्ह त्याला वाट दाखवतो, तेल जॅकमध्ये शिरून दांडा बाहेर ढकलतं. हौदा वर जाऊन हळूहळू आपोआप खाली बसत असेल तर संशय जॅकच्या सीलवर किंवा व्हॉल्व्हवर. उचलताना पंप गुरगुरत असेल तर तेल कमी आहे किंवा सक्शनला हवा शिरते आहे. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. यातलं निम्मं निदान कानानेच होतं.

धोकाही याच तेलात आहे. बेलिंग मशीनमध्ये दाब सहज 150 ते 200 बारपर्यंत जातो. मोटारीच्या चाकातली हवा दोन-अडीच बारची असते. होज पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी त्यातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वर दिसते फक्त लहानशी टोच, आत मात्र बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते, पुठ्ठा धरून शोधायची. उचललेल्या हौद्याखाली शिरायचं तर आधी लोखंडी टेकू लावायचा. श्रेडरमध्ये हात घालायचा तर स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. घाईत चुकतो तो हाच नियम, कारण बाहेर कचऱ्याच्या गाड्या रांगेत उभ्या असतात आणि कुणीतरी ‘चालू करून बघू का?’ म्हणून विचारत असतो.

ग्रामीण भागात यंत्राला आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे वीज. तीन फेजपैकी एक गेली तरी चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि जळते. शेतकऱ्याला हे पाठ आहे. त्याच्या स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. कचऱ्याच्या शेडमध्येही मिस्त्री आधी तो आहे का, बघतो. शिवाय ओल्या कचऱ्याचं पाणी आंबट असतं. मोसंबीच्या साली, उरलेलं अन्न यांतून झिरपलेलं ते पाणी घंटागाडीचा पत्रा खातं, पिना गंजवतं. रोज धुणं आणि आठवड्याला ग्रीस भरणं एवढ्यावर गाडीचं आयुष्य बरंच वाढतं. पण चालक बदलला की ग्रीसचा दिवस हुकतो.

तालुक्यातल्या भंगाराची पुढची वाट जालन्याकडे जाते. देशभर बांधकामाच्या सळया पुरवणारं हे शहर मुख्यतः भंगार वितळवूनच पोलाद बनवतं. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत वितळलेलं लोखंड सुमारे 1600 अंश सेल्सिअसला असतं. भंगार दाबून गठ्ठे करणारे प्रेस, कातऱ्या आणि चुंबकी क्रेन यांच्यामागे दुरुस्तीवाल्यांची मोठी फौज लागते. चुंबकी क्रेनची वीज गेली की चुंबकत्व जातं आणि टांगलेलं लोखंड खाली कोसळतं; म्हणून तिला बॅटरीचा आधार देतात आणि ती बॅटरी तपासणं हे साधं दिसणारं काम माणसांचे जीव वाचवतं. भंगारात बंद डबा किंवा पाणी राहिलं तर भट्टीत क्षणात वाफ होते. ही वाफ पाण्याच्या सोळाशेपटीहून अधिक जागा मागते. त्यामुळे स्फोट होतो, वितळलेलं लोखंड उडतं. घनसावंगीच्या भंगारवाल्याने डबा ठेचून, उघडा करून पाठवला की नाही, याचा परिणाम असा थेट जालन्याच्या भट्टीपर्यंत पोहोचतो.

लहान गावाची खरी अडचण वॉरंटी संपल्यावर सुरू होते. यंत्र घेताना निधी असतो, दुरुस्तीची तरतूद मात्र तुटपुंजी ठरते. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणार म्हणजे त्याचा दिवस प्रवासातच जातो, आणि सोबत आणलेला सुटा भाग जुळला नाही तर दुसरी फेरी. म्हणून आता मधला मार्ग निघाला आहे: कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर, पाना स्थानिक मिस्त्रीच्या हातात. सील, बेअरिंग, होज, मोटर एवढं अशा जोडीने उरकतं. नव्या यंत्रांत मात्र सेन्सर आणि प्रोग्रॅमवर चालणारं पॅनल असतं. त्याला पासवर्ड असतो, ते उघडायला लॅपटॉप आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तासाभरात जॅक उघडून बसवणारा मिस्त्री पॅनलवर ‘एरर’ झळकला की थांबतो आणि फोन लावतो. यंत्र खरेदीच्या करारातच स्थानिक माणसाचं प्रशिक्षण, सुट्या भागांचा एक संच आणि पॅनलचा नकाशा मागून घेतला, तर यातले बरेच फोन वाचू शकतात.