वासरू म्हणजे वर्षाचं जनावर

गाय व्याली की आपण म्हणतो, "वासरू झालं." हा शब्द संस्कृत 'वत्सरूप' यावरून आला. वत्सर म्हणजे वर्ष; तेव्हा वत्स म्हणजे मुळात वर्षाच्या आतबाहेरचं जनावर, असे भाषेचे जाणकार मानतात. 'वात्सल्य' त्यातलंच, अन् वसुबारस म्हणजे गोवत्स द्वादशी.

मालेगावच्या बाजारात मात्र नुसतं वासरू म्हणून भागत नाही. मादी ती कालवड, नर तो गोऱ्हा. म्हशीचं ते पारडू किंवा रेडकू.

पण ते वर्षाचं व्हायला आधी जगलं पाहिजे ना! जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. पंचवीस किलोच्या वासराला दिवसभरात अडीच किलो, दोन-तीन वेळा विभागून. खरवस उरलेल्या चिकाचा करावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका.