प्रवासी ट्रेलरमधील १२ व्होल्टचा वायुवीजन पंखा : जोडणी व सुरक्षितता

प्रस्तावना :
अमेरिका व कॅनडा या देशांत मोटारीमागे ओढून नेण्याचे, आत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले प्रवासी ट्रेलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. अशा बंदिस्त खोलीत श्वासोच्छ्वास व स्वयंपाकाची वाफ यांमुळे रात्रभरात भिंतींना पाणी सुटते. म्हणून छतात पंखा बसविण्याचे काम तेथील अनेक मालक स्वतःच करतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून हा विषय आपल्याकडेही अगदीच परका राहिलेला नाही.

छतातील काम :
तेथील ट्रेलरच्या छतातील झडपेचे भोक बहुधा १४ इंची चौरस असते. जुनी झडप काढल्यावर त्याच जागी पंखा बसतो. जुना लेप पूर्णपणे खरवडून चौकटीखाली ब्युटाइल पट्टी द्यावी व स्क्रूंवर छतासाठीचा खास लेप ओतावा. सिलिकॉन वापरण्याचा मोह टाळावा. त्याच्या अवशेषांवर पुढे दुसरा कोणताही लेप नीट धरत नाही. गळती लगेच दिसत नाही, प्लायवूड कुजल्यावरच ती कळते.

कमी दाबाविषयीचा गैरसमज :
१२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, यावरून ही जोडणी निर्धोक आहे असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. ३६ वॉटचा पंखा २३० व्होल्टवर सुमारे ०.१६ अँपिअर प्रवाह घेतो. १२ व्होल्टवर तोच ३ अँपिअर होतो. बॅटरी ६ मीटर दूर असल्यास जाऊन-येऊन १२ मीटर तार लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत यामुळे सुमारे ०.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास ७ टक्के दाब वाटेतच खर्ची पडतो व पंखा मंदावतो. १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट निम्मी होते.

खरा धोका याहून वेगळा आहे. छतातील पत्र्याच्या कडेवर तारेचे आवरण घासून शॉर्ट सर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तार क्षणात तापते आणि तिच्याभोवती असते लाकूड व फोम. येथे फ्यूज पंख्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो पंख्याजवळ नव्हे, तर वीज जेथून निघते त्या टोकाला हवा. एकदिश प्रवाहातील ठिणगी सहज विझत नसल्याने बटणही त्याच प्रवाहासाठी बनविलेले असावे.

काम सुरू करण्यापूर्वी केवळ बॅटरी सोडविणे पुरेसे नाही. ट्रेलर बाहेरील १२० व्होल्टच्या विजेला जोडलेला असल्यास आतील कन्व्हर्टर १२ व्होल्ट पुरवीतच राहतो. तारांच्या रंगांवरही विसंबू नये, मीटरने धन-ऋण तपासावे. उलट जोडणीत साधा पंखा उलटा फिरतो, तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला कायमचा निकामी होऊ शकतो.

वापर :
हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असताना एखादी खिडकी उघडी ठेवणे आवश्यक होय. ती जनरेटरच्या बाजूची मात्र नसावी. सर्व खिडक्या बंद असल्यास हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते आणि तिच्यासोबत शेजारी चालू असलेल्या जनरेटरचा धूरही येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो. झोपण्याच्या जागेजवळ त्याचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत आहे की नाही, हे पंखा बसविला त्याच दिवशी तपासून घ्यावे.